फुकटातलं सॉफ्टवेअर आणि त्याचा खरा खर्च

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात ‘शाळेची नवी प्रयोगशाळा’ या सत्रात झालेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला पंचवीस मिनिटं दिली आहेत. मंडपाच्या मागून मसालेभाताचा वास यायला लागलाय, त्यामुळे ती पंचवीस मिनिटं मी पाळणार आहे याची खात्री बाळगा.

विषय थोडा वेगळा आहे. आपल्या संघाने शाळेत इलेक्ट्रॉनिक्सची एक खोली उभी करायचं ठरवलंय. टेबलं झाली, सोल्डरिंग गन आल्या, जुने पण चालू संगणक मिळाले. आता प्रश्न उरला तो सॉफ्टवेअरचा. मुलांनी सर्किट बोर्ड कशावर काढायचे? समितीत तीन मतं पडली. एक गट म्हणाला, वर्गणी वाढवू, पण कंपन्यांत वापरतात तेच विकत घेऊ. दुसरा म्हणाला, नेटवर फुकट मिळतंय, तेच घाला. तिसरं मत हळू आवाजात होतं: माझ्याकडे पेनड्राइव्हवर महागातलंच आहे, कुणाला कळणार आहे? शेवटी ठरलं की जी रोज हेच काम करते तिला विचारा. म्हणून मी इथे उभी आहे. बारा वर्षं पुण्यात भोसरीला नोकरी केली आणि आता इथे फलटणमध्ये माझं छोटं वर्कशॉप आहे. शेतातल्या मोटारींचे मोबाइल स्टार्टर आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर यांचे बोर्ड आम्ही करतो. ते सगळे गेली दहा-अकरा वर्षं फुकटातल्या, म्हणजे खुल्या सॉफ्टवेअरवर काढलेले आहेत. त्यामुळे त्याचं कौतुक करायचा हक्क मला आहे आणि त्याला शिव्या द्यायचाही आहे. आज दोन्ही करणार आहे. सुरुवात शिव्यांपासून.

पण आधी इथल्या डॉक्टर, वकील आणि बागायतदार मंडळींसाठी थोडक्यात सांगते. तुमच्या विहिरीवरच्या ऑटोचं झाकण उघडलंत तर आत एक हिरवी पाटी दिसते. तिच्यावर तांब्याच्या रेघा असतात आणि सुटे भाग डाग देऊन बसवलेले असतात. ती पाटी म्हणजे सर्किट बोर्ड. पूर्वी आम्ही तो घरी करायचो. तांब्याच्या पत्र्यावर मार्करने रेघा ओढायच्या, पत्रा फेरिक क्लोराइडच्या पाण्यात बुडवायचा, झाकलेलं तांबं राहायचं आणि उघडं विरघळून जायचं. मोरीला पडलेले ते पिवळे-तपकिरी डाग आणि त्यावरून आईची बोलणी माझ्या पिढीतल्या अनेकांना आठवत असतील.

आता हे काम संगणकावर होतं. त्याचे टप्पे घर बांधण्यासारखेच आहेत. आधी कागदावरचा आराखडा, म्हणजे कुठला भाग कुठल्या भागाला जोडायचा. मग प्रत्येक भागाला जागा, म्हणजे त्याच्या पायांची भोकं किती अंतरावर, किती मोठी. त्याला आम्ही फुटप्रिंट म्हणतो, म्हणजे पायांचा ठसा. मग गावठाणात रस्ते काढावेत तसे तांब्याचे रस्ते काढायचे, एक रस्ता दुसऱ्याला न कापता. शेवटी कारखान्याला द्यायच्या फायली काढायच्या, त्यांना गर्बर म्हणतात. तिकडे बोर्ड छापून, भोकं पाडून, कुरियरने येतो. यात एक भोक चुकलं तर शंभर बोर्ड भंगारात. म्हणून हे सॉफ्टवेअर म्हणजे नुसतं चित्र काढायचं साधन नव्हे. ते गवंड्याच्या ओळंब्यासारखं आहे. ओळंबा खोटं सांगायला लागला तर भिंत पडते.

आता या क्षेत्रातलं फुकट मुळात आलं कुठून, ते पाहू. अनेकांना वाटतं की खुलं सॉफ्टवेअर ही अलीकडची, हौशी पोरांची टूम आहे. सर्किट कागदावरच चालवून बघायचा स्पाइस नावाचा प्रोग्रॅम १९७३ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीमध्ये तयार झाला. लॉरेन्स नेगल हे विद्यार्थी आणि डोनाल्ड पेडरसन हे त्यांचे प्राध्यापक. तो प्रोग्रॅम विद्यापीठाने मोकळेपणाने वाटला. आज जगातल्या मोठमोठ्या चिप कंपन्या सर्किट तपासण्यासाठी जे प्रोग्रॅम वापरतात, त्यांतल्या बहुतेकांची वंशावळ तिथे जाऊन पोचते. म्हणजे या धंद्याची पहिली पंगत फुकटच होती.

बोर्ड काढायचं जे खुलं सॉफ्टवेअर मी वापरते त्याचं नाव कीकॅड. ते १९९२ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे ज्यां-पिएर शारा या शिक्षकाने लिहायला घेतलं. तंत्रशिक्षण देणाऱ्या संस्थेतला मास्तर, आणि त्याने सुरू केलेलं काम. इथे बसलेल्या सरांना आणि बाईंना हे ऐकून बरं वाटेल. पुढे २०१३ पासून सर्नने, म्हणजे जिनिव्हाजवळ जमिनीखाली सत्तावीस किलोमीटरचं ते वर्तुळ आहे ना, त्या संस्थेने आपले माणूसबळ त्यात घातलं. त्यांना त्यांच्या उपकरणांचे बोर्ड जगाला मोकळे करायचे होते. बोर्ड मोकळा आणि तो उघडायचं सॉफ्टवेअर लाखाचं, याला काही अर्थ नव्हता. २०१९ मध्ये हा प्रकल्प लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेला.

आपल्या महाराष्ट्रातही या गोष्टीचा एक पत्ता आहे, पवई. आयआयटी मुंबईचा फॉसी नावाचा प्रकल्प केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याच्या पैशावर चालतो. त्यांनी कीकॅड आणि स्पाइसचा वंशज असलेला एनजीस्पाइस ही दोन साधनं एकत्र बांधून विद्यार्थ्यांसाठी एक संच केला. आधी त्याचं नाव ऑस्कॅड होतं, आता ई-सिम आहे. नावाने थोडा घोटाळा होतो. नेटवर शोधायला जावं तर मोबाइलच्या सिमकार्डाच्या जाहिराती आधी येतात. त्याच आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने अशा खुल्या साधनांचे छोटे छोटे धडे केले आहेत आणि त्यांचे आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांमध्ये दिले आहेत. आपल्या मुलांसाठी ही फार मोठी सोय आहे. त्याकडे शेवटी येते.

तर आता तक्रारी. मी त्या मोजून मांडणार आहे, कारण ‘त्रास होतो हो’ एवढं म्हणून समितीचं काम भागत नाही.

पहिली तक्रार लायब्ररीची. कीकॅडमध्ये भागाचं चिन्ह वेगळं आणि त्याचा पायांचा ठसा वेगळा. दोघांची गाठ आपण मारायची. मारताना कुणी विचारत नाही की ही जोडी जमते का. बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर सगळ्यांनी दहावी-बारावीत पाहिलाय. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर डावीकडून त्याचे पाय कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. पीएन २२२२ दिसायला तसाच, पण पाय नेमके उलटे, एमिटर, बेस, कलेक्टर. दोघांचा ठसा एकच, तीन भोकं एका ओळीत. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने सगळं बरोबर असतं, एकही लाल खूण येत नाही. बोर्ड छापून येतो आणि चालत नाही. शिकणारं पोर मग दोन दिवस स्वतःला दोष देत बसतं.

त्यातून आपल्या बाजारातले भाग तर त्या लायब्ररीत सापडता सापडत नाहीत. लायब्ररी बनवणारे लोक युरोप-अमेरिकेतले. त्यांच्याकडचे रिले, त्यांच्याकडचे टर्मिनल. आपण पुण्याला बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जातो, दुकानदार बरणीतून रिले काढून देतो. त्यावर कंपनीचं नाव असतं, पण त्या नावाचा माहिती-कागद शोधूनही मिळत नाही. मग व्हर्नियर कॅलिपर काढा, एकेका पायाचं अंतर मोजा आणि ठसा स्वतः काढा. नवीन माणसाचा पहिला आठवडा यातच जातो. बोर्ड काढायला बसलेला माणूस आठवडाभर नुसते पाय मोजत बसतो.

दुसरी तक्रार आवृत्त्यांची. सॉफ्टवेअर सुधारतं, चांगली गोष्ट आहे. पण नव्या आवृत्तीत एकदा फाइल साठवली की जुन्या आवृत्तीत ती उघडत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सहावी आवृत्ती आली तेव्हा आराखड्याच्या फायलीची घडणच बदलली. त्याआधी तर आणखी मजा होती. आराखड्यात भागांची चिन्हं साठवलेलीच नसायची, ती बाहेरच्या लायब्ररीतून यायची. लायब्ररीत कुणी चिन्ह बदललं की दोन वर्षांपूर्वीचा आपला आराखडा उघडताना रेघा एका बाजूला आणि भागाचे पाय दुसऱ्या बाजूला. सुटकेसाठी त्यांनी एक खिडकी दिली होती, तिचं नावच ‘रेस्क्यू’. रोजच्या कामात सुटकेची खिडकी लागावी, यावरून काय ते समजा. सहाव्या आवृत्तीपासून चिन्हं आराखड्यातच राहतात, तेव्हापासून हा ताप संपला. पण शाळेत दहा संगणक आहेत, त्यांतल्या चारांवर एक आवृत्ती आणि सहांवर दुसरी असली तर मुलाने सोमवारी केलेलं काम बुधवारी उघडणार नाही. हे लक्षात ठेवा, याचा उपाय पुढे सांगते.

तिसरी तक्रार सर्किट चालवून बघण्याची. ई-सिममध्ये आराखडा काढला की तो एनजीस्पाइसला समजेल अशा भाषेत बदलावा लागतो. ती एक वेगळी पायरी आहे. प्रत्येक भागाचं गणिती मॉडेल जवळ असावं लागतं. नसलं तर शोधा. सगळं जमलं आणि बटण दाबलं की उत्तर येतं ‘सिंग्युलर मॅट्रिक्स’. आपल्याला वाटतं गणिताच्या सरांनी शाप दिला. खरं कारण बहुतेक वेळा साधं असतं: सर्किटला जमीन जोडलेली नाही किंवा एखादं टोक हवेत लोंबकळतंय. दुसरा संदेश ‘टाइमस्टेप टू स्मॉल’. म्हणजे गणित पुढे सरकत नाहीये. का सरकत नाही ते तो सांगत नाही. एवढंच लिहायला काय हरकत होती, की ‘बाळा, या टोकाला काही जोडलेलं नाही’? लिहिणाऱ्यांची हुशारी मोठी आहे, पण वाचणारं पोर नववीतलं असेल ही कल्पना त्यांनी केलेली नसते.

चौथी तक्रार माझ्या धंद्याची आहे आणि ती जिवाशी गाठ असलेली आहे. शेतातली मोटार तीन फेजवर, ४१५ व्होल्टवर चालते. माझ्या बोर्डाच्या एका बाजूला हे ४१५ आणि दुसऱ्या बाजूला मोबाइलच्या सिमचं पाच व्होल्टचं नाजूक सर्किट. शेतकरी रात्री ओल्या पायाने येऊन त्या पेटीचं बटण दाबतो. म्हणून मी या दोन भागांत आठ मिलिमीटर अंतर सोडते, आणि ते सुटलंय की नाही हे सॉफ्टवेअरने तपासावं अशी माझी अपेक्षा असते. पाचव्या आवृत्तीपर्यंत ते असं होतं: तारांचा एक गट करायचा आणि त्या गटाला अंतर द्यायचं. पण ते अंतर त्या गटातल्या तारांना एकमेकींपासूनही लागू व्हायचं. आठ दिलं की रिलेच्या स्वतःच्या दोन पायांमध्येसुद्धा तो आठ मागायचा आणि पडदाभर चुकांच्या खुणा. कमी दिलं की ज्या दोन बाजूंमध्ये अंतर हवं तिथेच तपासणी सैल. मग आम्ही बोर्ड कागदावर मोठा करून छापायचो आणि पट्टी धरून मोजायचो. सहाव्या आवृत्तीत स्वतःचे नियम लिहायची सोय आली: या गटापासून त्या गटाला इतकं, आपापसांत इतकं. पण ते नियम लिहायचे त्याच्या भाषेत, कंस मोजत. पट्टी आजही माझ्या टेबलावर आहे आणि ती मी काढणार नाही.

पाचवी तक्रार सॉफ्टवेअरची नव्हे, आजूबाजूच्या जगाची. मागे एका मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागाने आमचा बोर्ड पसंत केला. चाचण्या झाल्या, दर ठरला. मग मूळ फायली मागितल्या आणि त्या एका ठराविक महागड्या सॉफ्टवेअरमध्येच हव्यात असं सांगितलं. आमच्या फायली कुणालाही पैसे न देता उघडता येतात, हे आम्ही समजावून सांगितलं. उत्तर आलं, आमच्या पद्धतीत बसत नाही. काम गेलं. सहा माणसांच्या वर्कशॉपला तो हंगाम जड गेला. खुलं साधन वापरणाऱ्याला हा भुर्दंड पडतो आणि समितीने तो हिशेबात धरलाच पाहिजे. उद्या आपली मुलगी मुलाखतीला गेली आणि समोरच्याने विचारलं की अमुक सॉफ्टवेअर येतं का, तर तिला नाही म्हणावं लागेल.

इतकं ऐकल्यावर पहिला गट खूश झाला असेल. म्हणजे विकतच घ्यायचं ना? थोडं थांबा.

ईगल नावाचं एक सॉफ्टवेअर होतं. जर्मनीत १९८८ मध्ये निघालेलं. हौशी लोकांत आणि कॉलेजांत फार लोकप्रिय, कारण त्याची एक फुकट आवृत्ती मिळायची. अट एवढीच की बोर्ड शंभर बाय ऐंशी मिलिमीटरच्या आत हवा. माझ्या पिढीतले बरेच जण त्यावर शिकले. २०१६ मध्ये ऑटोडेस्क या मोठ्या कंपनीने ते विकत घेतलं. २०१७ पासून एकदाच पैसे भरून घ्यायची पद्धत गेली आणि वर्गणी आली. आणि २०२३ मध्ये जाहीर झालं की ७ जून २०२६ नंतर ईगलची विक्री आणि मदत बंद. कंपनीला ते योग्य वाटलं असेल, त्यांचा माल आहे. पण ज्यांच्या दहा-पंधरा वर्षांच्या फायली त्यात होत्या त्यांनी काय करायचं? त्यांतल्या अनेकांनी त्या फायली कीकॅडमध्ये आणल्या, कारण पाचव्या आवृत्तीपासून कीकॅडला ईगलच्या फायली उघडता येतात. विकतचं घर सुटल्यावर माणसं धर्मशाळेत आली, आणि धर्मशाळेचं दार उघडं होतं.

माझी कीकॅडची कुठलीही फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. आत अक्षरं आणि आकडे. उद्या हे सगळं सॉफ्टवेअर जगातून नाहीसं झालं तरी माझा बोर्ड मला वाचता येईल. मी दहा वर्षांपूर्वी विकलेला स्टार्टर बरडच्या किंवा तरडगावच्या एखाद्या मळ्यात बंद पडला तर त्याचा नवा बोर्ड मी आज काढून देऊ शकते. वर्गणी भरायची राहिली म्हणून माझीच वही मला बंद झाली, असं होत नाही. मोटार बंद पडली की ऊस कुणाची वाट बघत नाही, हे फलटणकरांना मी सांगायला नको.

तिसऱ्या, हळू बोलणाऱ्या गटालाही एक शब्द. पेनड्राइव्हवरचं चोरीचं सॉफ्टवेअर शाळेच्या संगणकावर नको. कायद्याची भीती आहेच, पण माझा मुद्दा साधा आहे. वर्गात आपण मुलांना कॉपी करू नका म्हणतो. त्याच इमारतीतल्या दुसऱ्या खोलीत आपणच त्यांना चोरीचा माल देऊन ‘शिका’ म्हणायचं, हे आपल्या कुठल्याच सरांना पटलं नसतं. आणि त्यावर शिकलेलं पोर स्वतःचा धंदा काढायला जाईल तेव्हा त्याच्यापुढे दोनच वाटा राहतील, लाखांची वर्गणी किंवा पुन्हा चोरी.

आता दुसऱ्या गटाशी माझं जे भांडण आहे ते सांगते, कारण माझं मत तुमच्याच बाजूचं आहे. ‘फुकट ते पौष्टिक’ असं आपण गमतीने म्हणतो. तसं ते नाही. दरवर्षी माउलींची पालखी आपल्या गावात मुक्कामाला येते. त्या दिवशी लाखो माणसं जेवतात आणि कुणाकडून पैसे घेतले जात नाहीत. म्हणून ते जेवण फुकट असतं का? कुणाच्या घरी पहाटे तीनला चुली पेटलेल्या असतात, कुणी पाण्याचे टँकर उभे करतं, कुणी पायाला तेल लावतं. आणि पालखी बरडकडे निघाली की त्या मैदानावरच्या पत्रावळी कुणीतरी उचलतं. जेवणाऱ्यांची संख्या सगळ्यांना दिसते, पत्रावळी उचलणारे कुणाला दिसत नाहीत. खुल्या सॉफ्टवेअरचं दुखणं नेमकं हेच आहे. नवी, चमकदार सोय लिहायला माणूस मिळतो. चुकीचा संदेश नीट शब्दांत लिहायला, लायब्ररीतला एकेक पाय तपासायला, माहितीपुस्तक सुधारायला माणूस मिळत नाही, कारण त्या कामाचा हार कुणी घालत नाही. मी ज्या पाच तक्रारी सांगितल्या त्यांतल्या बहुतेकांचं मूळ इथे आहे.

आणि म्हणूनच तक्रार करण्याचीही एक रीत आहे. ‘तुमचं सॉफ्टवेअर भंगार आहे’ असं लिहून काही होत नाही. तिकडे बसलेला माणूस पगारी नोकर नसतो, बऱ्याचदा नोकरी सांभाळून रात्री हे काम करणारा असतो. आमच्या वर्कशॉपमध्ये नियम आहे: चूक दिसली की आवृत्तीचा क्रमांक लिहायचा, काय केल्यावर ती दिसते त्या पायऱ्या एकदोनतीन लिहायच्या, आणि चूक दिसेल एवढीच लहान फाइल सोबत जोडायची. असं लिहिलेल्या आमच्या काही नोंदींवर काम झालं, काही वर्षानुवर्षं तशाच पडून आहेत. पण डॉक्टरांना आपण सांगतोच ना, कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, काय खाल्ल्यावर दुखतं. नुसतं ‘दुखतं’ म्हणून औषध कसं मिळेल?

आपल्या गावाला ही रीत नवीन नाही. निंबकर कृषी संशोधन संस्था १९६८ पासून इथे आहे. करडईपासून ते विजेवर चालणाऱ्या रिक्षापर्यंतचं काम त्यांनी इथे, फलटणमध्ये केलं. जग जेव्हा ई-रिक्षा हा शब्दही बोलत नव्हतं त्या नव्वदच्या दशकात इथल्या रस्त्यावर ती गाडी तयार होत होती. बाहेरून आलेलं यंत्र आपल्या मातीत चालत नाही, त्याला इथे सुधारावं लागतं, हे इथे करून दाखवलेलं आहे. सॉफ्टवेअरचंही तसंच समजा.

तर माझी शिफारस. शाळेत कीकॅड घालावं, आणि मोठ्या मुलांसाठी ई-सिम. मात्र पुढच्या पाच गोष्टी मान्य असतील तरच.

एक. सगळ्या संगणकांवर एकच आवृत्ती. जूनमध्ये घालायची आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत हात लावायचा नाही. नवीन कितीही चांगलं आलं तरी वर्ष संपल्यावरच.

दोन. शाळेची स्वतःची लायब्ररी. तपकीर गल्लीत मिळणारे साधारण पन्नास भाग, रिले, टर्मिनल, ट्रान्झिस्टर, ट्रान्सफॉर्मर, मुलांनीच मोजायचे आणि ठसे काढायचे. प्रत्येक ठसा दोघांनी तपासल्याशिवाय आत घ्यायचा नाही. माझ्या वर्कशॉपमध्ये गेल्या काही वर्षांत असे जमलेले ठसे मी आजच शाळेला देते. आणि हे काम पूर्ण झालं की ते जगाला मोकळं करायचं. जे पोर सांगलीत किंवा सोलापुरात याच रिलेशी झटत असेल त्याचा एक आठवडा वाचेल.

तीन. कारखान्याला फाइल पाठवण्याआधी बोर्ड कागदावर जसाच्या तसा, एकास एक मापात छापायचा आणि खरे भाग त्या कागदावर टोचून बघायचे. दोन रुपयांचा कागद आहे. जो हे करणार नाही त्याचा बोर्ड छापायला जाणार नाही. आणि ४१५ किंवा २३० व्होल्टचं काहीही शाळेच्या खोलीत नको. बारा व्होल्टच्या वर जायचं नाही.

चार. धडे मराठीत. स्पोकन ट्युटोरियलमध्ये जे मराठीतून आहे ते वापरू. जे नाही त्याची टिपणं आपण लिहू. विशेषतः ते चुकांचे संदेश. भिंतीवर एक तक्ता लावू: डावीकडे संगणक काय म्हणतो, उजवीकडे मराठीत त्याचा अर्थ आणि काय करायचं. ‘सिंग्युलर मॅट्रिक्स: जमीन जोडली का ते बघ.’ एवढ्याने निम्मी मुलं टिकतील. मुलं अवघडपणाने सोडत नाहीत, आपलं काय चुकलं हे कळत नाही म्हणून सोडतात.

पाच. आणि ही सगळ्यांत महत्त्वाची. सॉफ्टवेअरचे जे पैसे वाचतील ते संघाच्या खात्यात परत जाणार नाहीत. त्यातून बोर्ड छापायचे. प्रत्येक मुलाचा वर्षाला निदान एक बोर्ड खरा छापून यावा, त्याचं नाव त्यावर पांढऱ्या शाईत असावं. आणि पैशाइतकीच वेळेची वर्गणी हवी. आपल्यात या क्षेत्रात काम करणारे बाराजण तरी सहज आहेत, मी मोजलेत. कुणी पुण्यात, कुणी बंगळुरूला, कुणी इथल्याच कारखान्यात. प्रत्येकाने वर्षातला एक शनिवार द्यावा. येता आलं तर खोलीत यावं, नाही तर संगणकावरून बोलावं. विकतच्या सॉफ्टवेअरबरोबर मदतीचा फोन नंबर मिळतो. खुल्याबरोबर मिळत नाही. तो नंबर आपण व्हायचं. पहिला शनिवार माझा, तारीख मी मुख्याध्यापकांना देऊन ठेवली आहे.

राहिला मुलाखतीचा प्रश्न, की अमुक महागडं सॉफ्टवेअर येतं का. मी स्वतः नव्या मुलांच्या मुलाखती घेते म्हणून सांगते. ज्याला ठसा म्हणजे काय, अंतर कशासाठी सोडायचं आणि जमिनीची वाट कशी काढायची हे कळतं, तो कुठलंही सॉफ्टवेअर महिन्याभरात शिकतो. ज्याला नुसती बटणं पाठ आहेत तो बटणं बदलली की अडतो. कीकॅडचा त्रास सोसलेल्या मुलाला निदान एवढं तरी माहीत असतं की संगणक हो म्हणाला म्हणजे बोर्ड चालेलच असं नाही. आमच्या विज्ञानाच्या बाई उत्तर बरोबर आलं तरी विचारायच्या, ‘ताळा केलास का?’ तो प्रश्न मुलाच्या अंगात मुरला तर सॉफ्टवेअर कुठलं आहे याने फार फरक पडत नाही.

‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण आपण लहानपणी निबंधात घालायचो. ती खरी आहे, पण गावाने करायला घेतलं तरच. समितीने आज निर्णय घ्यायचा आहे. माझं मत मी दिलं. पाच अटींपैकी चार मान्य आणि पाचवी राहिली असं झालं, तर मात्र माझी शिफारस मागे घेतली असं समजा, आणि सरळ वर्गणी काढून विकतचं घ्या. बाहेर बारा शनिवारांची यादी लावली आहे. जेवायला जाताना वाटेतच आहे. पेन तिथेच दोरीने बांधून ठेवलाय, कारण आपल्या तुकडीला मी ओळखते.